मास्तरणीच्या पायातले आठ आरे

हे लिहिणारच नव्हतो. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. कारण सरळ आहे, यात मी काही बरा दिसत नाही. आता चौथ्यांदा बसलोय. मध्येच उठलो तर परत बसणार नाही, म्हणून जसं आठवतंय तसं ठोकतोय.

मी सायकली दुरुस्त करतो, मामाच्या दुकानात. कुठे शिकलो म्हणाल तर कुठेच नाही. मोडून बघितलं, जोडून बघितलं, मामाच्या शिव्या खाल्ल्या, झालं शिक्षण. एक गोष्ट मात्र मला मामापेक्षा चांगली जमते. चाकाचा आउट काढणं. चाक फिरवलं की डुगडुगतं ना, ते आरे कमीजास्त ताणून सरळ करायचं. मी ते कानाने करतो. आऱ्याला नखाने टिचकी मारायची. टंग आवाज आला तर ताण बरोबर, टप आला तर ढिला.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडम वर्षापूर्वी त्यांच्या सायकलचा आउट काढायला आल्या होत्या. स्टुलावर बसून माझे हात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे असंच हाडाला करता येईल?"

मला वाटलं थट्टा करतायत. पण त्यांनी कागदावर काढून दाखवलं. मोडलेल्या पायाभोवती बाहेरून चार लोखंडी रिंगा. प्रत्येक रिंगेत दोन तारा, एकमेकींना छेद देऊन, हाडाच्या आरपार. तारा ताणल्या की हाड रिंगेच्या मधोमध लटकतं, चाकाच्या मधल्या हबसारखं. चारी रिंगा आटेवाल्या सळ्यांनी एकमेकींना जोडायच्या. मग जनावराचं वजन मोडक्या हाडावर येत नाही, रिंगांवरून खाली जातं. असा सांगाडा कंपनीचा घ्यायचा तर तेवढ्या पैशात चार गाढवं आली असती. म्हणून कुणी घेत नाही, आणि म्हणून जनावराचा पाय मोडला की सुई देतात. कायमची.

आम्ही पट्टी वाकवून रिंगा केल्या. तारांच्या जागी मालवाहू सायकलचे जाड आरे, एका टोकाला आटे आणि निपल, म्हणजे ताण कमीजास्त करायचा बारीक नट, असलेले. दुसऱ्या टोकाचं वाकडं डोकं कापून मी तिथे धार लावायचो. आधी एक कुत्रा केला, मग दोन शेळ्या, मग एक वासरू. चारही चालले. मामा म्हणायचा, "पुढच्या वेळी घंटी पण लाव."

मग शिट्टीच्या गाढवीचा पाय मोडला.

शिट्टी माझा मित्र. शाळेपासूनचा, म्हणजे दोघांनी सोडली तेव्हापासूनचा. जिथे टेम्पो शिरत नाही अशा बोळांतून वाळू-विटा पोचवतो. गाढवीला दोरी लावत नाही. एक शिट्टी म्हणजे चल, दोन म्हणजे थांब, लांब ओढली तर वळ. गाढवीचं नाव मास्तरीण. कारण ती मान वर करून तुमच्याकडे असं बघते की गृहपाठ केलाय का हे आठवायला लागतं. लहान आहे अजून, दीड वर्षाची.

गटाराच्या जाळीत तिचा मागचा उजवा पाय अडकला आणि नडगी मोडली. शिट्टीने तिला चौघांच्या मदतीने हातगाडीवर घालून दवाखान्यात आणलं आणि तिथून मला फोन केला. मी हातातलं चाक तसंच टाकून दवाखाना गाठला.

मॅडमनी हाडाचा फोटो काढला, बघितला आणि स्पष्ट सांगितलं. "प्लास्टर इथे टिकत नाही. वरचा सांधा बांधता येत नाही ना. आपला सांगाडा लावून बघू. पण एवढं वजन आपण कधी धरलेलं नाही. हा एकच प्रयत्न. आत बिघडलं, पू झाला, हाड खराब झालं, तर मग मी तिला त्रास देत ठेवणार नाही. कळलं?"

शिट्टीने माझ्याकडे बघितलं. मॅडमकडे नाही, माझ्याकडे. "तू करणार ना?"

"करणार."

दुकानात धावत गेलो. आऱ्यांचं खोकं उघडलं, आठ आरे काढले. मॅडमची एकच अट असायची. आरा स्टेनलेसचाच पाहिजे. जस्ताचा मुलामा दिलेला साधा आरा दिसतो तसाच चकचकीत, पण हाडात गेला की जस्त सुटतं, गंज धरतो, भोकाभोवतालचं हाड कुजायला लागतं. मी लोहचुंबक फिरवलं. सगळे थोडे थोडे चिकटले. ताणून काढलेलं स्टेनलेस पण जरा चिकटतंच, हे मला माहीत होतं. म्हणजे चुंबकाने काही कळत नाही, हे पण मला माहीत होतं. तरी फिरवलं. खोक्यावर स्टेनलेस लिहिलं होतं, आणि घाई होती.

टेबलाशी मॅडमनी विचारलं, "सगळे स्टेनलेस?"

"चेक केलेत मॅडम."

हे दोन शब्द मी आजपर्यंत किती वेळा म्हणलोय देव जाणे. त्या दिवशी कसे म्हणलो ते मात्र लक्षात आहे. मान पण वर केली नव्हती.

आरे कुकरमध्ये उकळून निघाले. अडीच तास गेले. मॅडमनी हातड्रिलने एकेक आरा हाडातून पार केला, मी ताणत गेलो. टंग. टंग. शिट्टी मास्तरणीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता, हळू आवाजात तिची थांबायची शिट्टी वाजवत. ती गुंगीत होती, तरी. संध्याकाळी ती तीन पायांवर उभी राहिली आणि आमच्याकडे गृहपाठ मागितल्यासारखी बघायला लागली. मॅडम हसल्या. मी दुकानात येऊन मामाला सगळं साग्रसंगीत सांगितलं. मामा म्हणाला, "अडला हरी गाढवाचे पाय धरी. हरी कोण ते बघ बाबा, गाढव कोण ते बघ."

तिसऱ्या दिवशी सकाळी पंक्चरचं घमेलं रिकामं करत होतो. ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचं पाणी. तळाशी एक आरा पडलेला. ऑपरेशनच्या दिवशी घाईत खोक्यातून सांडला असणार. उचलला. त्याच्यावर पांढरी भुकटी धरली होती.

स्टेनलेसवर पांढरं काही धरत नाही. पाण्यात वर्षभर ठेवा. पांढरं धरतं ते जस्तावर.

मी ओल्या हातानेच खाली बसलो.

मग आठवलं. आमच्या दुकानात आरे मापाने ठेवतात. कुठल्या धातूचे ते कोण विचारतं? माप एक, खोकं एक. अर्धी झालेली दोन खोकी दिसली की एकात ओतायची आणि जागा मोकळी करायची. मामाने मला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट. आणि गेल्या वर्षी, साफसफाईत, ही दोन खोकी मी स्वतः एकात ओतली होती. या हातांनी. सायकलला काय फरक पडतो? आधीची चार जनावरं निभावली ते नुसतं नशीब.

घरी मोरचूद होता, झाडांवर फवारायचा. बाटलीच्या झाकणात थोडा भिजवला. ओली काडी जस्तावर टेकवली की काळा डाग पडतो. स्टेनलेसला काही होत नाही. हे मी कधीतरी एका व्हिडिओत बघितलं होतं. खोक्यात राहिलेले एकतीस आरे एकेक करून तपासले. पंचवीस तसेच राहिले. सहा काळे पडले.

सहा. आणि आठ गेलेत मास्तरणीच्या पायात.

आता इथे मी काय केलं ते लिहायचं म्हणून तीनदा पुसलंय. मी काही केलं नाही. मामाला नाही, मॅडमना नाही, कुणालाच बोललो नाही. मनात हिशोब मांडत राहिलो. पंचवीस चांगले होते की. आठही चांगलेच निघाले असतील. नशीब इतकं वाईट असतं का? आणि सांगून करायचं काय? परत चिरफाड?

दुपारी शिट्टी आला. हातात दोन चहा. "टेकवला रे! पाय टेकवला तिने आज! मी शिट्टी मारली, पुढे आली आणि टेकवला!" माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की चहा सांडला. "साल्या, तू नसतास तर!"

मी चहा प्यायलो. चांगला होता.

चौथ्या दिवशी मी त्याच्याकडे फिरकलोच नाही. फोन आला, उचलला नाही. मामा बघत होता. "काय रे, तोंड का पाडलंयस? गाढव लंगडतंय की तू?"

"काही नाही."

"काही नसलं की माणूस एवढा वेळ एकच निपल फिरवत नाही."

पाचव्या दिवशी सकाळी शिट्टीचा निरोप आला, बोलून पाठवलेला, कारण त्याला टाइप करायचा कंटाळा. "अरे, एका आऱ्याच्या भोकातून जरा पाणी येतंय. तिसरी रिंग. मॅडम म्हणाल्या येतं कधीकधी, मिठाच्या पाण्याने पूस. घाबरण्यासारखं नाही ना रे? तू सांग."

तू सांग.

भुकटीवाला आरा, मोरचूद आणि पंचविसातला एक आरा पिशवीत टाकला, सायकल काढली आणि गेलो मॅडमकडे. शिट्टीकडे नाही. तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं. मॅडम गुपचूप काहीतरी करतील, तपासायला आल्यासारखं दाखवून बदलतील, त्याला कळायची गरजच पडणार नाही.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. भुकटी धरलेला आरा हातात घेतला. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट.

"कधी कळलं तुला?"

"परवा."

"परवा सकाळी की परवा रात्री?"

"सकाळी."

त्यांनी बॅग उचलली. "चल."

"मॅडम, त्याला न सांगता..."

"जनावर त्याचं आहे. मालकाला सांगितल्याशिवाय मी तिच्या केसालाही हात लावणार नाही. आणि सांगणार तू आहेस."

शिट्टीचं अंगण म्हणजे तीन भिंती आणि एक पत्रा. मास्तरीण सावलीत उभी होती, पायात तो चार रिंगांचा पिंजरा. मला बघून शिट्टी उठला. "आलास! बघ, बघ, आता कशी..."

मग त्याला मागे मॅडम दिसल्या.

मी सांगितलं. अडखळत सांगितलं, पण सगळं. खोकी, चुंबक, घमेलं, सहा काळे. तो ऐकत राहिला. मध्ये एकदा हसला पण, मी चेष्टा करतोय असं वाटून. मग हसू गेलं आणि परत आलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "आधी कुठला ते बघू. आहे की नाही ते तरी कळेल. तपासू का?"

शिट्टीने होकाराची मान हलवली.

आऱ्यांची टोकं रिंगेबाहेर बोटभर निघालेली असतात. मी मोरचुदाचं झाकण आणि ओली काडी घेऊन मास्तरणीच्या मागच्या पायाशी उकिडवा बसलो. लाथ बसली असती तर चूक तिची नसती. मॅडमनी कापूस धरला होता, थेंब कातडीवर जाऊ नये म्हणून.

पहिली रिंग. पहिला आरा. टेकवला. थांबलो. तसाच.

दुसरा. तसाच.

दुसरी रिंग. तसाच. तसाच. मनात म्हणलं, असू दे, अजून चार.

तिसरी रिंग. मोडलेल्या जागेच्या बरोबर खाली. पाणी येत होतं तो नव्हे, आधी दुसरा तपासला. तसाच. मग तो. काडी टेकवली.

काळा. सावकाश नाही, लगेच. शाईत बोट बुडवल्यासारखा.

चौथ्या रिंगेतले दोन्ही चांगले निघाले. म्हणजे आठात एक. एकच. पण सगळ्यात वाईट जागी.

"काढायचा," मॅडम म्हणाल्या. "आजच, इथेच. अजून पाणी आहे, पू नाही. पण नुसता काढला तर रिंग एका तारेवर लटकेल आणि हाड सरकेल. आधी शेजारच्या भोकातून नवा घालायचा, ताणायचा, मगच जुना सोडायचा. ताण जरा चुकला, तर पाच दिवसांत जे धरलंय ते सुटेल." मग शिट्टीला, "दुसऱ्यांदा भोक पाडायचंय. तू नाही म्हणालास तरी चालेल. पण मग आठवड्याभरात मला सुई घेऊन यावं लागेल, असं मला वाटतं."

शिट्टीने पहिल्यांदा तोंड उघडलं. "ताणणार कोण?"

मग त्यानेच माझ्याकडे बोट केलं.

"याच्याशिवाय कुणाला येतं?"

"कुणालाच नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग करा."

नवा आरा मी खोक्यातल्या पंचविसातला घेतला होता. तरी त्याचं कापलेलं डोकं शिट्टीच्या समोर मोरचुदात टाकलं आणि मोबाइलवर पाच मिनिटं लावली. तिघं झाकणाकडे बघत बसलो. डोकं चकचकीतच राहिलं. मग आरा त्याच्याच चुलीवर, त्याच्याच कुकरमध्ये.

मॅडमनी इंजेक्शन दिलं. मास्तरणीला गादीवर आडवी केली. "अर्धा तास," मॅडम म्हणाल्या. "त्यानंतर ती उठायला बघणार. तिचं डोकं धर. आणि शिट्टी वाजव, त्या दिवशी ती शांत राहत होती."

शिट्टीने ओठांचा चंबू केला. नुसती हवा आली.

"वाजत नाही," तो म्हणाला.

ड्रिल हाडात शिरतं तेव्हा करकर होते. मी ती आधी पाच जनावरांत ऐकली होती, पण त्या दिवशी दातात ऐकू आली. नवा आरा पलीकडून बाहेर आला. मॅडमनी पलीकडचं टोक चिमटून धरणारा नट आवळला. "घे."

निपल फिरवायला लागलो. पाव फेरा. टिचकी. टप. पाव फेरा. टप. रिंग एका बाजूला ओढली जाऊ नये म्हणून छेद देणाऱ्या जोडीदाराला पण हात लावून बघायचा, चाकात करतो तसं. पाव फेरा. टप. पाव फेरा. आवाज चढेना. चढायला पाहिजे होता. घामाने निपलवरून बोटं घसरत होती. मास्तरणीचा कान हलला.

"झालं का?" मॅडमनी विचारलं. "वीस मिनिटं गेलीत."

ढिला आहे म्हटलं तर परत सगळं उघडायचं, तेवढ्यात ती उठली तर? आणि झालं म्हटलं तर कुणाला कळणार होतं? तो आवाज फक्त मलाच कळतो.

"नाही," मी म्हणलो. "सरकतोय. पलीकडच्या नटात धरत नाहीये. ढिला करा, परत आवळा. आणि मॅडम, जोरात."

त्यांनी नट उघडला, पुसला, पाना दोन्ही हातांनी धरून आवळला. मी पाव फेरा दिला. टिचकी. टुंग. अजून पाव. टंग. जोडीदाराला टिचकी. टंग. दोघं एका सुरात.

"आता जुना," मी म्हणलो. "हळू. पाव पाव फेरा सोडतो. तुम्ही हाडाकडे बघा."

सोडत गेलो. प्रत्येक पाव फेऱ्याला नव्याला टिचकी. टंगच. जुना टप झाला, मग गप्प. मॅडमनी एका बाजूने कापला आणि सरळ ओढून काढला. रिंग जागची हलली नाही. हाड हललं नाही.

मास्तरीण पाय झाडायला लागली. "धर तिला," मॅडम ओरडल्या. "आत्ता उठू द्यायची नाही!"

आणि तेव्हा वाजली. फाटकी, थुंकीने भरलेली, दोन छोट्या. थांब. मास्तरीण थांबली.

बाहेर काढलेल्या आऱ्याच्या मधल्या भागावर पांढरी खरखर होती आणि एका जागी तांबूस ठिपका. पाच दिवसांत. मॅडमनी तो कापसात गुंडाळला आणि शिट्टीच्या हातात दिला. माझ्या नाही. मग मला म्हणाल्या, "यापुढे प्रत्येक आऱ्याचं डोकं मोरचुदात पडेल, माझ्यासमोर. 'चेक केलेत' हे मला परत ऐकायचं नाही." आणि गेल्या.

आम्ही दोघंच राहिलो. आणि ती, उभी राहून आमच्याकडे बघत.

"दोन दिवस तुला माहीत होतं," शिट्टी म्हणाला.

"हो."

"मी चहा आणला तेव्हा माहीत होतं."

"हो."

"प्यायलास."

मी सामान गोळा करायला लागलो.

"चूक झाली ते सोड," तो म्हणाला. "मी काय कमी चुका केल्यात? तिला त्या जाळीवरून नेली कोणी? मीच ना. पण तू मॅडमकडे गेलास. माझं घर वाटेत लागतं तुला. माझ्या दारावरून गेलास तू आज सकाळी."

हे खरं होतं. सायकलवरून जाताना मी मान वळवली होती, दुसऱ्या बाजूला.

त्यानंतर तीन आठवडे तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. मी रोज जाऊन आठही आऱ्यांना टिचकी मारून यायचो. तो बाजूला उभा राहायचा. मामाने दुकानात दोन खोकी वेगळी केली, एकावर खडूने "गाढव" लिहिलं. कुठल्या अर्थाने ते मी विचारलं नाही.

काल मॅडमनी परत फोटो काढला. मोडलेल्या जागी धुक्यासारखी पांढरी गाठ दिसतेय, म्हणजे हाड धरतंय. पण अजून महिना सांगाडा राहणार, आणि मॅडम म्हणतात, महिनाभरात काहीही होऊ शकतं. येताना शिट्टी माझ्या बरोबरीने चालत होता, मास्तरीण मागे, रिंगा वाजवत.

"हे लिहून काढ," तो म्हणाला. "दुसऱ्या गावात कुणी सायकलवाला हे करायला गेला तर त्याने पण खोकी एकात ओतलेलीच असणार. त्याला कळू दे. तुझं नाक कापलं गेलं तरी लिही."

"लिहितो."

"आणि अजून एक."

"बोल."

तो थांबला. दोन छोट्या शिट्ट्या मारल्या, मागे मास्तरीण पण थांबली. "पुढचा महिनाभर तिच्या पायाबद्दल तुझ्या मनात काही आलं. खात्री नसू दे, नुसती शंका असू दे. उन्हात, पावसात, मी जेवत असेन, झोपलेला असेन..."

"आधी तुझ्याकडे येईन," मी म्हणलो. "मॅडमकडे नंतर. खात्री करत बसणार नाही. शंका आली की त्याच मिनिटाला तुझं दार वाजवीन. शप्पथ."